कचऱ्याचा कायदा गल्लीत उतरवायचा कसा: इंदूरच्या कामावरून

दंडाच्या पावतीपुस्तकाला हात लावण्याआधी कचरागाडीची हजेरी तपासा. ज्या गल्लीत गाडी कधी सकाळी सातला येते, कधी अकराला आणि आठवड्यातून दोनदा येतच नाही, तिथे नाल्याकाठी पडलेल्या पिशव्यांचा दंड मागायला गेलात तर लोक आधी गाडीचा हिशेब मागतील, आणि ते त्यांचं बरोबरच असेल. इंदूरने २०१६ मध्ये दोन वॉर्डांत घरोघरी गाडी फिरवून बसवली, मग ती ८५ वॉर्डांत नेली. रस्त्यावरच्या कचरापेट्या उठल्या त्या ही सेवा रुळल्यावर. हा क्रम उलटा केला की पेटी होती त्याच जागी उकिरडा तयार होतो.

हे टिपण झोन आणि वॉर्ड पातळीवर अंमलबजावणी करणाऱ्यांसाठी आहे: आरोग्य निरीक्षक, इंदूरच्या बोलीत दरोगा, वॉर्ड समित्यांचे सदस्य आणि सोसायट्यांचे सचिव. उदाहरणं इंदूरची आहेत, पण पुणे, नागपूर, ठाण्यातही कामाची रीत हीच राहील.

गाडीचं गणित

प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी गाडीची वेळ रंगवा आणि सलग पंधरा दिवस ती पाळली गेली का ते जीपीएसच्या नोंदीवरून बघा. घरामागे सरासरी २० सेकंद धरले, तर साडेसहा ते अकरा या साडेचार तासांत एक गाडी जेमतेम ८०० घरं करते, आणि ट्रान्सफर स्टेशनला, म्हणजे छोट्या गाड्यांतला कचरा मोठ्या गाड्यांत भरतात त्या ठिकाणी, रिकामी होण्याची फेरी त्यात आलीच नाही. कागदावर १,५०० घरं लावली की चालक थांबत नाही, मदतनीस बादलीत डोकावत नाही आणि सगळं एकाच कप्प्यात जातं. पुढे नागरिक म्हणतात, ‘आम्ही वेगळं करतो, हे पुन्हा एकत्र करतात.’ हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं घर पुढची दोन वर्षं कचरा वेगळा करत नाही. म्हणून कप्पे एकत्र करणाऱ्या गाडीवर कारवाई नागरिकांच्या आधी झाली पाहिजे, आणि झालेली लोकांना दिसली पाहिजे.

दुसरी अडचण नोकरदार जोडप्यांची. गाडी येते तेव्हा घराला कुलूप असतं, मग रात्री येताना पिशवी कोपऱ्यावर ठेवली जाते. अशा घरांची यादी दारोदार जाऊन करा. शेजाऱ्याच्या ओट्यावर झाकणाची बादली ठेवण्याची सोय लावा किंवा आठवड्यातून काही दिवस संध्याकाळची फेरी सुरू करा. रात्री पडणाऱ्या पिशव्यांचा बराच भाग इथेच कमी होतो. ज्या वस्तीत गाडी आत वळू शकत नाही तिथे हातगाडी लावा. तोवर त्या वस्तीतल्या घरांवर पावती फाडू नका, तो सरळ अन्याय आहे.

अधिकार कागदावर आणा

जागेवर दंड घेण्याचा अधिकार महापालिकेच्या उपविधीतून आणि आयुक्तांच्या लेखी आदेशातून येतो. आदेशात पदनाम, झोन, कोणत्या कलमाखाली किती रकमेपर्यंत आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला किती, हे सगळं हवं. आदेश ‘स्वच्छता पथक’ अशा मोघम नावाने काढला की कंत्राटी माणूस पावती फाडतो आणि पहिल्याच अपिलात ती उडते. आदेशाची प्रत आणि ओळखपत्र प्रत्येकाच्या खिशात असू द्या.

कलमं नीट लिहा. घनकचऱ्याचे २०१६ चे नियम कचऱ्याचे तीन भाग करायला सांगत होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत चार आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, म्हणजे जुनी औषधं, रंगाचे डबे, ट्यूबलाइट, पाऱ्याचे थर्मामीटर. बांधकामाच्या मलब्याचे नवे नियमही त्याच तारखेपासून सुरू झाले. जुन्या छापील नोटिसा संपेपर्यंत वापरायचा मोह टाळा. रद्द झालेल्या नियमाचं नाव असलेली नोटीस समोरचा वकील पहिल्याच मिनिटाला बाजूला करतो. मध्यप्रदेशात याला १९५६ च्या नगरपालिक निगम अधिनियमाची जोड असते, महाराष्ट्रातल्या बहुतेक महापालिकांना १९४९ च्या अधिनियमाची. पिशव्या आणि थर्माकोलसाठी प्लास्टिकचे नियम वेगळे. एका पावतीवर एकच उल्लंघन आणि त्याचंच कलम लिहा, चार कलमं एकत्र कोंबू नका.

गाडीपाशी: ओल्या बादलीत काय बघायचं

वर्गीकरणाची तपासणी म्हणजे बादली वरून बघणं नव्हे. ओल्या कचऱ्यात सर्वांत जास्त निसटतो तो दुधाच्या पिशवीचा कातरलेला कोपरा. नखाएवढा त्रिकोण, चहाच्या चोथ्याला चिकटलेला. पिशवी सुक्यात जाते, कोपरा सालींबरोबर ओल्यात. त्याच्यामागे केसांचे गुंते, मसाल्याच्या पुड्या, हारातला नायलॉनचा दोरा आणि सुतळी. इंदूरच्या देवगुराडियातल्या बायो-सीएनजी प्रकल्पाची, म्हणजे ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणाऱ्या प्रकल्पाची, क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प उभा आहे तो ओला कचरा घराच्या दारातच स्वच्छ मिळतो या भरवशावर. दोरे आणि प्लास्टिक यंत्राच्या पात्यांना गुंडाळतात, आणि बारीक तुकडे चाळणीतून निसटून खतात उतरतात. एकदा खतात प्लास्टिक दिसलं की शेतकरी पुन्हा ते खत उचलत नाही.

दारात सांगायचं ते एवढंच: ‘काकू, पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, लोंबता ठेवा.’ ओल्यात काही चुकीचं दिसलं तर मदतनिसाने ते स्वतः काढायचं नाही. बादली परत द्यायची, घरच्यांनीच काढून सुक्यात टाकायचं. मदतनीस काढत राहिला की सवय त्याला लागते, घराला नाही. सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून गाडीच्या वेगळ्या डब्यात जाईल, सुक्याच्या ढिगात नाही. तो ढीग हाताने निवडणाऱ्या बायका असतात.

पहिले पंधरा दिवस फक्त तोंडी. पुढचा आठवडा दारावर लाल चिठ्ठी, आणि गाडीच्या वहीत घर क्रमांकासमोर खूण. तिसऱ्या खुणेला लेखी नोटीस, चौथ्या वेळेला दंड. दंडाची रक्कम लहान चालेल, पण चौथ्या वेळी तो झालाच पाहिजे, मग घर कोणाचंही असो. एखाद्या नगरसेवकाच्या नातलगाचं घर वगळलं की ती गल्ली हातची गेली. मोठी रक्कम आणि क्वचित कारवाई, यातून फक्त वाद निघतात.

पावती जागेवर कशी फाडायची

आधी फोटो, मग बोलणं. कचरा आहे त्या जागी, मागे दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक दिसेल असा एक लांबून आणि एक जवळून, वेळ आणि स्थान नोंदवणाऱ्या ॲपमधून. त्यानंतर स्वतःचं नाव, पद आणि ओळखपत्र. मग काय उल्लंघन झालं ते एका वाक्यात, आणि समोरच्याचं म्हणणं ऐकून पावतीच्या मागे दोन ओळींत लिहून घ्या. पैसे शक्यतो पीओएस (कार्डाच्या) यंत्रावर किंवा क्यूआरने घ्या. रोख घेतलीच तर अनुक्रमांक असलेली पावती तिथल्या तिथे द्या आणि त्याच संध्याकाळी झोन कार्यालयात भरणा करा. पावतीपुस्तकाचे अनुक्रमांक रोज जुळवा. मधला एखादा क्रमांक गायब असेल तर त्याच दिवशी विचारा, महिनाअखेर नाही.

सही नाकारली तर भांडू नका. ‘सही करण्यास नकार’ असं लिहून दोन साक्षीदारांसह पंचनामा करा. साक्षीदार पथकातलेच नकोत, शेजारचा दुकानदार चालेल. आवाज चढला तर व्हिडिओ सुरू ठेवून मागे या, नोटीस घरपोच पाठवा. फेरीवाल्याचा तराजू किंवा गाडा उचलून नेणं हा कचऱ्याच्या दंडाचा भाग नाही. ती घाई पथकाच्या अंगलट येते.

प्रकरण पुढे जाईल असं वाटत असेल तर मूळ फोटो फोनमधून काढू नका आणि व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत फाइलला लावू नका, कारण तिच्यातली वेळ-स्थानाची माहिती गळून पडते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते फोटो काढणाऱ्याकडून त्याच आठवड्यात भरून घ्या. सहा महिन्यांनी तो माणूस दुसऱ्या झोनमध्ये असतो आणि फोन बदललेला असतो.

मोकळ्या प्लॉटवर फेकलेल्या पिशवीत कुरिअरचं पाकीट निघतं, वर नाव-पत्ता स्पष्ट. अशा वेळी पथकाला वाटतं की चोर सापडला. तेवढ्यावर पावती फाडू नका. तो कचरा घरच्या कामवालीने टाकलेला असू शकतो, किंवा भंगारवाल्याने पुठ्ठा काढून घेऊन उरलेलं फेकलेलं असू शकतं. त्या पत्त्यावर खुलाशाची नोटीस द्या, तीन दिवस त्या जागेवर पहाटे आणि रात्री माणूस बसवा, आणि पुन्हा सापडलं की मग कारवाई करा. मोकळा प्लॉट वारंवार भरत असेल तर मालकाला कुंपणाची नोटीस लागते, तीही त्याच फाइलमध्ये हवी.

खरी लढाई मोठ्यांशी

घरांवरच्या पावत्यांनी आकडे फुगतात. कचरा मात्र मोजक्या मोठ्या ठिकाणांहून येतो: हॉटेलं, मंगल कार्यालयं, वसतिगृहं, मोठ्या सोसायट्या. नव्या नियमांप्रमाणे २०,००० चौरस मीटर चटई क्षेत्र, रोज ४०,००० लिटर पाणी किंवा रोज १०० किलो कचरा, यांतलं काहीही एक लागू झालं की ती संस्था बल्क जनरेटर, म्हणजे मोठ्या प्रमाणात कचरा करणारी, ठरते. ओल्याची व्यवस्था तिने शक्यतो आपल्या आवारातच करायची.

‘आमचा कुठला एवढा कचरा!’ हे उत्तर ठरलेलं असतं. माणशी रोज ४०० ग्रॅम धरा, घरात पाच माणसं, म्हणजे घरामागे दोन किलो. ५० फ्लॅटची सोसायटी इथेच १०० किलोला टेकते. तरी अंदाजावर नोटीस देऊ नका. काटा घेऊन जा आणि सलग सात दिवस, रविवार धरून, सगळे प्रकार मिळून वजन करा. रोजच्या तक्त्यावर व्यवस्थापकाची सही घ्या. हा तक्ता असला की पुढची सुनावणी दहा मिनिटांत संपते. पाण्याचं बिल आणि बांधकाम परवानगीतलं क्षेत्र ही कागदपत्रं महापालिकेकडे आधीच असतात, ती काढायला विसरू नका.

मग येतं खताचं यंत्र. ते बहुतेक ठिकाणी दाखवलं जातं आणि थोड्या ठिकाणी चालतं. निरीक्षकाने यंत्रावरची धूळ बघू नये, ती आदल्या दिवशी पुसलेली असते. बघायचं ते असं:

- वीजमीटर. यंत्राला स्वतंत्र मीटर लावायला सांगा आणि प्रत्येक भेटीत रीडिंग लिहा. महिनाभरात आकडा जागचा हलला नाही तर बाकी सगळं बोलणं व्यर्थ.
- कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा लाकडाचा भुसा किती आणला, त्याची बिलं. ओल्या कचऱ्यात कोरडं काही मिसळल्याशिवाय खत होत नाही, नुसता लगदा सडतो.
- खत किती निघालं. रोज १०० किलो ओला घातला तर साधारण १५ ते २५ किलो खत यायला हवं. वहीत ६० किलो लिहिलं असेल तर ती वही टेबलावर बसून भरलेली आहे.
- ढिगाचं तापमान. लांब दांड्याचा थर्मामीटर मधोमध खुपसा. चालू ढीग ५५ अंशांच्या वर जातो आणि काही दिवस तिथे टिकतो. मूठभर घेऊन दाबलं तर हात ओलसर व्हावा, पाणी टपकू नये.

‘२४ तासांत खत’ असं सांगून विकलेल्या यंत्रांकडे जास्त लक्ष द्या. यांतली बरीच यंत्रं कचरा तापवून फक्त वाळवतात. बाहेर येणारी तपकिरी भुकटी दिसायला छान, पण ती खत नव्हे. दोन मुठी भुकटी पाणी शिंपडून पिशवीत बंद करा आणि दोन दिवसांनी उघडा. आंबूस वास आला किंवा पिशवी गरम लागली तर माल कच्चा आहे. सोसायटीच्या बागेत तो टाकला की झाडांची मुळं जळतात आणि माश्या होतात, मग सगळे म्हणतात की खताची कल्पनाच चुकीची. भुकटी पुढे दोन-तीन आठवडे खड्ड्यात किंवा जाळीच्या पिंपात मुरवायला सांगा. मुरवायला जागा नसेल तर महापालिकेच्या ठरवलेल्या व्यवस्थेत ओला कचरा देऊन शुल्क भरण्याचा करार करायला लावा. न चालणाऱ्या यंत्राला ‘समाधानकारक’ असा शेरा देणं हा निरीक्षकाचा सर्वांत महाग शेरा असतो.

मंगल कार्यालयं, मंडळं आणि खाऊगल्ल्या

परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त माणसं जमवायची तर तीन कामकाजाचे दिवस आधी महापालिकेला कळवायचं, ही अट २०१६ च्या नियमांनीच आणली. लग्न, भंडारा, गणेशोत्सवाचा महाप्रसाद सगळं यात येतं. कळवलं तर गाडी आणि पिंपं लावून द्या. न कळवल्याचा दंड तेव्हाच शोभतो.

पंगतीच्या पत्रावळ्यांत फरक करा. पळसाच्या पानांची पत्रावळ ओल्यात जाते. चांदीसारखा चमकणारा द्रोण किंवा आतून गुळगुळीत कागदी ताटली ओल्यात नको, त्यावर प्लास्टिकचा थर असतो. कोपरा फाडून ओढा, पापुद्रा सुटला तर प्लास्टिक. थर्माकोलची सजावट आणि प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. मिठाईच्या खोक्यावर गुंडाळलेली पातळ फिल्मसुद्धा. निर्माल्याचा डबा मंडपात वेगळा ठेवा आणि हारातले दोरे तिथेच कापून घ्या.

इंदूरच्या सराफा बाजारात दिवसा सोन्या-चांदीची दुकानं आणि रात्री खाऊचे गाळे, त्यामुळे तिथली तपासणी रात्री गर्दी वाढण्याआधीच व्हायला हवी. दोन डबे गाळ्याला लागून आहेत का आणि द्रोण कसले आहेत, एवढंच बघा. पहाटे झाडलोट झाल्यावर कोणाच्या पुढे किती होतं हे कोणीच सांगू शकत नाही.

पिशव्यांची जाडी डोळ्यांनी ठरवू नका. ३१ डिसेंबर २०२२ पासून हातपिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही. डिजिटल थिकनेस गेज घ्या, आधी शून्य करा, पिशवी कापून एकेरी थर पाच ठिकाणी मोजा. दोन्ही थर एकत्र धरून मोजणं ही नेहमीची चूक. ७० मायक्रॉनची पिशवी मग १४० दाखवते आणि सुटते. न विणलेल्या कापडी पिशव्यांना मायक्रॉन लागत नाही, तिथे वजन बघतात, चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम. किरकोळ भाजीवाल्याकडून पाव किलो पिशव्या जप्त करून काही साधत नाही. बिल मागा, घाऊक विक्रेत्याचं गोदाम शोधा.

धूर आणि मलबा

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशात उघड्यावर कचरा जाळण्यासाठी साध्या घटनेला ५,००० आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. हिवाळ्यात सर्वाधिक जाळला जातो तो पालापाचोळा, आणि पुष्कळदा तो झाडलोट करणारा माणूसच जाळतो, कारण त्याला पाला न्यायला गाडी मिळत नाही. पाल्याची वेगळी फेरी सुरू करा. नंतरही आपलाच कर्मचारी जाळताना दिसला तर पहिली कारवाई त्याच्यावर आणि त्याच्या मुकादमावर.

मलबा रात्री पडतो, बायपासच्या कडेला आणि नाल्यात. ढीग पडल्यावर मालक सापडत नाही, म्हणून वाटेवरच पकडावं लागतं. परिसरातल्या चालू बांधकामांची यादी परवाना विभागाकडून घ्या, तोडकाम सुरू असलेली घरं वेगळी काढा आणि त्यांच्याकडे रोज एकच प्रश्न: मलबा कुठे गेला, पावती दाखवा. ट्रॅक्टर-ट्रॉली सापडली तर क्रमांक, चालकाचा जबाब आणि विटा-फरशांचे फोटो घ्या. त्याच रंगाची फरशी बांधकामाच्या जागी सापडते, दोन्ही फोटो शेजारी लावले की घरमालकाला नाकारता येत नाही. दंड चालकावरच सोडून देऊ नका, मलबा ज्याचा त्याच्यावर जाऊ द्या.

दंड भरला नाही तर

नोटीस, सुनावणीची तारीख, म्हणणं मांडण्याची संधी आणि कारणांसह लेखी आदेश, हे चार कागद झाल्याशिवाय वसुलीकडे वळू नका. आदेशात ‘खुलासा समाधानकारक नाही’ एवढंच लिहिलं तर तो टिकत नाही. खुलाशातला मुद्दा आणि तो का मान्य नाही, हे दोन्ही लिहा. उपविधीत तरतूद असेल तर थकीत रक्कम मालमत्ता कराच्या खात्यावर चढवा, परवाना नूतनीकरणाच्या वेळी ती आपोआप समोर येते. गंभीर आणि सतत चालणाऱ्या उल्लंघनासाठी पर्यावरण संरक्षण अधिनियमाचं कलम १५ आहे. १ एप्रिल २०२४ पासून तिथे तुरुंगवासाऐवजी १०,००० ते १५ लाख रुपयांचा दंड आहे आणि तो न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. त्याच्याकडे वजनाचा तक्ता, मीटरचं रीडिंग आणि तारीखवार फोटो असलेली फाइल पाठवा.

कायद्याचा हात महापालिकेपर्यंतही पोचतो. इंदूरपासून काही तासांवरच्या रतलामचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये निकाली काढलं. उघडी गटारं आणि घाणीविरुद्ध रहिवासी दंडाधिकाऱ्याकडे गेले होते, आणि पैसे नाहीत हे कारण नगरपालिकेला पुढे करता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. तेव्हा वापरलेलं, सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश देणारं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आहे. तुमच्या वॉर्डात गाडीच येत नसेल तर हेच कलम घेऊन एसडीएमकडे (उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे) जा. सोबत पंधरा दिवसांची गाडीची हजेरी, तारखेसह फोटो आणि झोनला दिलेल्या तक्रारींच्या पोच जोडा.